आधी झील, मग गोष्ट

नमस्कार मंडळी. मुलांना आपली कथापरंपरा कशी शिकवायची असा विषय दिलाय, तर आधीच सांगून टाकतो, गॅदरिंगसाठी दहा मिनिटांचं कीर्तन घोकून घ्यायचं, पगडी घालून फोटो काढायचा, याला मी शिकवणं म्हणत नाही. आजी खूश होते, आणि पुढच्या महिन्यात पोराला एक ओळ आठवत नसते.

माझ्याकडे नवीन मूल आलं की त्याला गोष्ट देतच नाही मी. मागे उभं करायचं, हातात झांजा द्यायच्या आणि म्हणायचं झील धर. पोवाड्यात मुख्य शाहीर दम घेतो तेव्हा मागचे साथीदार, झीलकरी, ओळ उचलतात ना, तेच. त्यात मूल आधी ऐकायला शिकतं, सांगणारा कुठे थांबतो, समेवर कसा येतो, हशा कुठे पिकतो, सगळं कानावरून जातं, आणि लाजरी मुलंही घोळक्यात आपोआप आवाज काढायला लागतात.

आणि आपण बडोदेकर तर नशीबवान, घरात नारदीय कीर्तन आणि गावात माणभट्ट. गुजराती आख्यानं रचणारा कवी प्रेमानंद इथलाच, 17व्या शतकातला. माण म्हणजे तांब्याची पोटाळ घागर, बोटांत अंगठ्या घालून ती वाजवायची आणि आख्यान लावायचं. त्या आख्यानाचे भाग पाडलेले असतात, प्रत्येकात आधी मुखबंध, मग ढाळ म्हणजे खरी गोष्ट, आणि शेवटी वलण, म्हणजे झालेलं आवरतं घ्यायचं आणि पुढच्याची चाहूल द्यायची. मी याचा सरळ खेळच केला, वलण आलं की पुढचं मूल पुढे येतं, त्यामुळे अख्खं आख्यान एकाच्या डोक्यावर नाही आणि बाकीच्यांना कान देऊन ऐकावंच लागतं.

आता हालचाल. कीर्तनकार एकटाच सगळी पात्रं करतो, हे मुलांना जाम आवडतं. गळ्यातलं उपरणं डोक्याला गुंडाळलं की द्वारपाल, काखेत चुरगाळून धरलं की सुदाम्याची पोह्यांची पुरचुंडी. मी एवढंच विचारतो, सोन्याच्या दारात फाटक्या कपड्यात उभा आहेस, पुरचुंडी कुठे धरशील? कोणी पाठीमागे लपवतं, एक मुलगी तर गुडघे वाकवून तिच्यावर बसलीच! असं सुचत असेल तर मग अभिनय वेगळा काय शिकवायचा.

पालक म्हणतात, मुलं अर्धं गुजराती बोलतात, मराठी बिघडेल. अहो, सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या, त्यांच्याबरोबर तिकडचं नृत्य बडोद्यात आलं, आणि तिकडे तंजावरात मराठी कीर्तनातली साकी-दिंडी ही वृत्तं तमिळ हरिकथेत जाऊन बसली, ती आजही तिथे गातात. मग आपल्या सुदाम्यानं मध्येच गुजरातीत दोन वाक्यं टाकली तर कुठे बिघडलं? फक्त पद म्हणताना उच्चार स्वच्छ हवेत, तिथे मी सोडत नाही.

सुराचं मात्र रीतसर शिकवावं लागतं, 1886 साली गवई मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली ती काय उगाच नाही, वर्गात बसून नोटेशनवरून शिकता येतं हे त्यांनी दाखवलं. पण सूर आला म्हणून गोष्ट सांगता येते असं नाही, छान गाणारी मुलं निरूपणात गप्प होतात, त्यांना मी पेटीशिवाय नुसतं बोलायला लावतो.

बरं, बोलणं पुरे. आता मुलं सुदामा करून दाखवतील. कुणी अडलं तर समोरून प्रॉम्प्टिंग करू नका प्लीज, मागचे झीलकरी सांभाळून घेतात.