चिठ्ठीवर नंबर लिहून दिला म्हणजे मदत पोचली का? समाजसेवांची टास्क फोर्स कशी उभी करायची

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एवढंच म्हटलं होतं की आम्ही भागातल्या सगळ्या सेवा संस्थांची मिळून एक टास्क फोर्स केली, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, ताई हे करायचं कसं, नोंदी ठेवायचा फॉरमॅट असेल तर पाठवा. फॉरमॅट देईन, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीये, कारण नुसता फॉरमॅट भरून काही होत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बेसिक पटापट उरकते. टास्क फोर्स म्हणजे अजून एक नवी संस्था नाही. दवाखाना आहे, निवारा आहे, व्यसनमुक्तीवाले आहेत, ज्येष्ठांसाठी, दिव्यांगांसाठी काम करणारे आहेत, कायद्याची मदत देणारे आहेत, हे सगळे आधीपासून काम करतातच, फक्त एकमेकांना काय चाललंय ते माहीत नसतं. त्यांना एका टेबलाभोवती बसवायचं. दहा-पंधरा माणसं पुरे. कोण काय करणार हे एका साध्या करारपत्रात लिहून सह्या घ्यायच्या, महिन्यातून एकदा भेटायचं, आणि समन्वयाचं काम एका माणसाकडे पगार देऊन सोपवायचं. पगार देऊन, हे अंडरलाइन करा. फावल्या वेळात कुणीतरी बघेल म्हटलं की तिसऱ्या महिन्यात मिटिंगचं इतिवृत्तसुद्धा कुणी लिहीत नाही. २०११ मध्ये जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी कलेक्टिव्ह इम्पॅक्टची, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून एकाच प्रश्नावर काम करण्याची, मांडणी केली, त्यात पाच अटी आहेत, आणि त्यातली एक हीच की सगळ्यांना बांधून ठेवणारी एक स्वतंत्र कण्यासारखी टीम हवी. माझा अनुभव विचाराल तर बाकीच्या चार अटी या एका अटीवर उभ्या राहतात.

आणि कृपा करून नाव आणि लोगोवर दोन महिने घालवू नका. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, लेटरहेडवर कुणाचं नाव आधी, यात लोकांचा उत्साह संपलेला मी बघितलाय.

आता मुद्दा. रेफरल, म्हणजे आपल्याकडे आलेल्या माणसाला मदतीसाठी दुसऱ्या संस्थेकडे पाठवणं.

आमच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक बाई आल्या, नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आलेला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. इतक्या वेळा घडी घातलेली की घडीवरची शाई पार उडालेली, एका नंबरातले मधले दोन आकडे दिसतच नव्हते. चार नंबर होते त्यावर. पहिला बंद. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले फक्त मंगळवारी या. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले तुमचा भाग आमच्याकडे येत नाही. आणि चौथ्यांनी त्यांना परत पहिलाच नंबर दिला. सहा आठवडे ती बाई अशी फिरत होती. नंतर मी त्या बाई जिथे जिथे बोलल्या होत्या तिथली रजिस्टरं मागवून बघितली, तर प्रत्येकाकडे त्यांच्या नावापुढे लिहिलेलं, ‘रेफर केले’. आमच्याकडेही. कागदावर त्या बाईंना प्रत्येकाने मदत केलेली होती, आणि घरी एकही माणूस पोचला नव्हता.

तेव्हापासून मी हे एकच वाक्य सगळीकडे बोलत फिरते: नंबर देणं म्हणजे रेफरल नाही.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा, म्हणजे ज्या संस्थेकडे तुम्ही माणूस पाठवताय तिथल्या ताईच्या बाजूने. तिला माहीतच नाही की कुणी येणारे. माणूस येतो, ती पहिल्यापासून सगळं विचारते, घरात कोण आहे, आजार कधीपासून, कागद आहेत का. तोच माणूस ही कहाणी पाचव्यांदा सांगतोय. झटका कसा आला हे पाचव्यांदा सांगताना काय होत असेल त्याचा विचार करा. आणि नाही आला तर तिला कळणारच नाही की कुणीतरी यायचं राहिलंय. तिची यात काही चूक नाही हो, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तिसरी बाजू आकड्यांची. वर्षाच्या शेवटी रिपोर्टमध्ये काय जातं? इतके रेफरल केले. मला सांगा, पोचले किती? सेवा मिळाली किती जणांना? पोस्टात पत्र टाकलं म्हणजे ते मिळालं असं आपण धरतो का? महत्त्वाचं असेल तर पोचपावती मागतो ना. मग इथे माणूस आहे, कागद नाहीये, इथे पोचपावती नको का?

तर करायचं काय. माणूस समोर बसलेला असतानाच फोन लावायचा. पलीकडच्या माणसाचं नाव घ्यायचं, दिवस आणि वेळ ठरवायची, ते लिहून द्यायचं. पाठवणाऱ्याने आपल्या वहीत त्याच वेळी पुढची तारीख टाकायची, साधारण आठवड्यानंतरची, त्या दिवशी स्वतः फोन करून विचारायचं. आणि ‘रेफर केले’ हा रकाना फॉरमॅटमधून काढून टाका. त्याच्या जागी तीन रकाने करा: पोचले का, सेवा मिळाली का, आणि नाही मिळाली तर का नाही.

हा शेवटचा रकाना म्हणजे सोनं आहे. आमच्याकडे तीन महिन्यांनी तो वाचून काढला तर एकच कारण परत परत, ऑफिसची वेळ. रोजंदारीवर जाणारा माणूस दुपारी येणार कसा? एका संस्थेने आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उघडं ठेवायला सुरुवात केली आणि ते कारण रकान्यातून जवळजवळ गेलंच. त्यासाठी वेगळा सर्व्हे लागला नाही, नवा निधी लागला नाही.

एकाने कमेंट केलीये, ताई एवढं कशाला, ॲप बनवा, सगळ्या संस्थांची माहिती त्यात टाका. दादा, तुमची तळमळ कळते. अमेरिकेत २-१-१ नावाचा नंबर आहे, फोन केला की कोणती मदत कुठे मिळेल ते सांगणारा, १९९७ मध्ये अटलांटात सुरू झाला आणि २००० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तो देशभर याच कामासाठी राखून ठेवला. पण तो नंबर चालतो कारण मागे फोन घेणारी माणसं बसलेली असतात आणि माहिती ताजी ठेवणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. यादी आज केलीत तर सहा महिन्यांत तिच्यातले नंबर बदलतात, माणसं बदलतात. त्या बाईंच्या चिठ्ठीवरचा पहिला नंबरसुद्धा कधीतरी चालू होताच ना. म्हणून ॲप करा, जरूर करा, पण ते दर महिन्याला तपासणार कोण ते नाव आधी ठरवा.

अजून एक, माहिती शेअर करण्याबद्दल. सगळ्या संस्थांची एकत्र नोंदवही ही कल्पना नवी नाहीये, लंडनमध्ये १८६९ मध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली ती दानधर्मात ताळमेळ आणायलाच. पण त्यांच्याकडे चौकशी व्हायची ती मदतीला कोण ‘पात्र’ आणि कोण ‘अपात्र’ हे ठरवायला. गरजू माणसाचीच झडती. आपल्याला त्या वाटेने जायचंच नाही. म्हणून संमती. छापील फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही, तुमच्या आजाराबद्दल मी अमक्या ताईंना एवढंच सांगणार आहे, चालेल का, असं तोंडाने विचारायचं. आणि नाही म्हणाले तरी मदत थांबवायची नाही. घरात मारहाण होत असेल अशा केसमध्ये तर पत्ता चुकीच्या हातात गेला की जिवावर बेततं.

‘टेबलावर कोण हवं’ असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. संचालक मंडळी असू द्या, सह्यांचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. पण खिडकीवर बसणारी ताई हवीच, आणि ज्यांनी स्वतः या सेवा घेतल्यात असे किमान दोन-तीन जण हवेत, मत देण्याच्या अधिकारासकट, त्यांच्या प्रवासखर्चासकट. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसतं लोकांचं म्हणणं ऐकून घेणं हे मधल्या पायऱ्यांवर येतं, निर्णयात वाटा त्याच्या वर. आमच्याकडे ‘मंगळवारीच या’ हा नियम बदला असं मिटिंगमध्ये पहिल्यांदा कोण म्हणालं माहितीये? त्या चिठ्ठीवाल्या बाई. दुसऱ्या वर्षापासून त्या आमच्या टेबलावर आहेत, आणि संस्थांची यादी दर महिन्याला फोन लावून तपासायचं काम त्यांनी मागून घेतलंय.

फॉरमॅट खाली देते, त्यात ते तीन रकाने आहेत. तुमच्याकडे ‘का नाही’च्या रकान्यात काय काय येतं ते मला कमेंटमध्ये लिहा, कुणाचं नाव-गाव न टाकता. पुढचा व्हिडिओ मी त्यावरच करणारे.