बुग्यालाच्या गवताखाली

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर उत्तराखंडात दयाराला, बेदनीला जाऊन येतात. झाडं संपतात आणि त्यावर मैलोन्मैल गवत सुरू होतं. तिथले लोक त्याला बुग्याल म्हणतात. फोटो सगळे त्या गवताचे आणि फुलांचे काढतात. मला आज बोलायचंय ते त्याखालच्या बुरशीबद्दल.

दयारावर एके ठिकाणी पायवाटेचा ओघळ झाला होता, गुडघाभर खोल. काठावरून गवताचा एक ढलपा सुटून पडला होता, पोळपाटाएवढा. मी तो उचलून हलवला. माती सांडेना. मुळं एकमेकांत गच्च गुंतलेली, आणि त्यांच्या मधूनमधून पांढुरके, जेमतेम दिसणारे धागे. मग दोन हातांवरची ओघळातली माती मुठीत घेतली. ती पिठासारखी बोटांतून निसटून गेली. डोंगर तोच, पाऊसही तोच.

ते धागे म्हणजे कवकाचे, म्हणजेच बुरशीचे, तंतू. सुटा तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतो, त्यांचा झुबका झाला तरच डोळ्याला दिसतो. गवताच्या मुळांशी यांतल्या अनेकांचा जुना व्यवहार आहे. गवत पानांत जे अन्न तयार करतं त्यातला वाटा, कधीकधी 20 टक्क्यांपर्यंत, कवकाला देतं. कवक त्याबदल्यात, मूळ जिथवर पोचत नाही तिथून फॉस्फरस आणि पाणी आणून देतं. थंडीमुळे तिथे पालापाचोळा फार सावकाश कुजतो, त्यामुळे मातीत अन्न असूनही मुळांच्या हाती लागत नाही. अशा जागी हा सोबती मोलाचा. शिवाय हेच तंतू मातीच्या कणाकणाला धरून ठेवतात.

जास्तीची चराई, तंबू, हजारो बूट यांनी गवत फाटतं आणि या कवकांचा शिधाच बंद होतो. उघडी माती दिवसा तापते, रात्री गोठते, पावसात वाहते. मग मातीतली बुरशी संपते का? नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तिबेटच्या पठारावरची कुरणं उजाड होऊन काळ्या मातीचे माळ झाले, तिथे याचा बराच अभ्यास झालाय. कवकांच्या प्रकारांची संख्या कुठे घटलेली दिसते, कुठे तेवढीच राहते, कुठे वाढतेसुद्धा. पण वस्ती बदलते. मुळांना साथ देणारी कवकं मागे पडतात. कुजवणारी आणि रोग आणणारी पुढे सरकतात. नुसती मोजदाद करणाऱ्याला सगळं ठीकच वाटेल. तिथे गवताचं बी पेरलं तरी कोवळ्या रोपाला जुना सोबती मिळत नाही.

कीडा जडीही याच मातीतली. जमिनीखालच्या अळीला ग्रासून वर येणारं हे कवक भलत्याच किमतीला जातं. बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये माणसं आठवडेच्या आठवडे बुग्यालावर मुक्काम करतात. प्रत्येक जडीसाठी जमिनीला एक भोक पडतं. 2020 साली ती संकटाच्या छायेतल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेली.

सगळा दोष मेंढपाळांच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. फुलों की घाटीत 1982 पासून चराई बंद झाली, आणि पुढे तिथे उंच वाढणाऱ्या एका वनस्पतीनं इतकं रान व्यापलं की ती उपटायची वेळ आली. प्रश्न किती जनावरं आणि किती दिवस, हा आहे. माणसांचंही तेच. 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली. आठवडाभर तंबू उभा राहिलेल्या जागेवरचं पिवळं, दबलेलं गवत ज्यानं पाहिलंय त्याला ती जाचक वाटणार नाही.

पुढे दयारावर वनखात्यानं ओघळांत नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाची सुईसारखी पानं भरली, बांबूच्या खुंट्या ठोकल्या. वाहून जाणारी माती अडली आणि तिच्यावर पुन्हा हिरवं दिसू लागलं.

मी गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं. तो ढलपा मुळं खाली करून ओघळाच्या काठाला बसवला, तळहातानं दाबला, आणि पाऊस लागायच्या आत त्याच्या कडेला दोन दगड लावले.