पॅगनिनीचा कॉन्चेर्टो आणि वादकाची कात्री

मित्रहो,

इटालियन व्हायोलिनवादक आणि रचनाकार पॅगनिनी याच्या पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची) प्रत उघडली की वर 'डी मेजर' असं, म्हणजे रचनेचं सप्तक, छापलेलं दिसतं. ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनांवरही तेच असतं. खुद्द पॅगनिनीच्या श्रोत्यांनी मात्र हा कॉन्चेर्टो ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकला होता. आजच्या विषयाची गाठ इथेच आहे. एखाद्या कसबी वादकानं जुना कॉन्चेर्टो स्वतःसाठी नव्यानं बेतला की आपण लगेच विचारतो, 'मूळ कुठं गेलं?' पण ज्याला आपण मूळ म्हणतो, त्यावरही कुणाचा तरी हात फिरलेला असतो. म्हणून नुसतं 'बदललं' म्हणून भागत नाही. काय बदललं, त्यातून काय मिळालं आणि काय हातचं गेलं, याचा हिशोब मांडावा लागतो.

आधी पॅगनिनीनं स्वतः काय केलं ते बघू. वाद्यवृंदाचे स्वर लिहिलेले कागद ई फ्लॅटमध्ये होते आणि एकल व्हायोलिनचा कागद डी मेजरमध्ये. व्हायोलिनच्या चारही तारा अर्ध्या स्वरानं चढवलेल्या होत्या. जी, डी, ए, ई ऐवजी ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. बोटं डी मेजरची पडायची आणि कानावर ई फ्लॅट यायचा.

याचा फायदा समजून घ्यायला व्हायोलिन हातात घ्या. ए तारेवर तिसऱ्या बोटानं डी वाजवा आणि शेजारच्या मोकळ्या डी तारेकडे बघा. तिला कुणी हात लावलेला नाही, तरी ती थरथरते. वाजवलेला डी तिच्या बरोबर एक सप्तक वर आहे, म्हणून ती आपोआप साथ देते. आता तेच बोट अर्धा स्वर पुढे सरकवून ई फ्लॅट वाजवा. डी तार गप्प होते आणि आवाज लगेच कोरडा वाटतो. वाद्यवृंदातल्या सगळ्या व्हायोलिनवाल्यांची संध्याकाळभर हीच अवस्था होती. ई फ्लॅटच्या सप्तकात त्यांच्या मोकळ्या तारांपैकी फक्त जी आणि डी बसतात, षड्ज आणि पंचमाला एकही मोकळी तार नाही. पॅगनिनीच्या वाद्यावर मात्र षड्जही मोकळा होता आणि पंचमही. त्यामुळे साथ थोडी झाकलेली आणि एकल वाद्य लखलखीत. जोर न लावता वर उठून दिसण्याची ही युक्ती आहे, आणि ती स्वररचनेतली नसून वाद्याच्या लाकडातली आणि तारेतली आहे.

किंमतही आहे. तारेवरचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा स्वर म्हणजे कंपनसंख्या १.०५९ पट, त्याचा वर्ग १.१२२. म्हणजे प्रत्येक तारेवर सव्वाबारा टक्के जादा ताण. आजच्या पोलादी ई तारेवर साधारण ८ किलोचा ताण असतो, तो ९ किलोच्या घरात जातो. चारही तारांचा मिळून २२-२३ किलो असतो, त्यात पावणेतीन किलोची भर पडते. घोडी (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) त्या प्रमाणात जास्त जोरानं वाद्याच्या वरच्या फळीवर दाबली जाते. फळी किंचित बसते, आणि म्हणूनच चौथी तार लावून होईपर्यंत पहिली उतरलेली असते.

इथे एक चुकीची समजूत आहे. बारीक तार लावली की तुटायची भीती कमी, असं म्हणतात. ०.२६ मिलिमीटरऐवजी ०.२५ची ई तार घेतली तर ताण साडेसात टक्क्यांनी कमी होतो हे खरं, आणि फळीला तेवढा आराम मिळतो. पण तार तुटते ती तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती ओढ पडते त्यावर, आणि त्याच धातूची, त्याच लांबीची तार त्याच सुराला लावली तर ती ओढ जाड-बारीक कशीही असली तरी तेवढीच राहते. म्हणजे बारीक तार वाद्याला वाचवते, स्वतःला नाही. पॅगनिनीच्या काळात तारा आतड्याच्या होत्या, तेव्हा हा धोका आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी मैफलीच्या दिवशी तारा चढवू नयेत. किमान दोन दिवस आधी चढवाव्यात आणि रोज थोड्या-थोड्या वेळानं सुरात आणाव्यात. खुंटीनं तार चढवताना घोडीचा वरचा काठ तारेबरोबर फिंगरबोर्डकडे ओढला जातो. दर वेळी बाजूनं बघून तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मागे घ्यावा, नाहीतर घोडी वाकते किंवा आडवी पडते. दुसरं वाद्य मिळालं तर उत्तमच, कारण रसिकांनी आणखी एक तुकडा मागितला तर मंचावर चारही तारा उतरवत बसता येत नाही. ज्यांचा कान नेमका सूर ओळखतो त्यांना वेगळाच त्रास होतो: डोळ्यांना डी दिसतो, कानाला ई फ्लॅट येतो, आणि बोट मध्येच 'दुरुस्ती' करायला सरकतं. त्यांना पंधरा दिवस तरी त्याच चढवलेल्या तारांवर राहावं लागतं.

पुढच्या पिढ्यांनी हे सगळं सोडून दिलं. कॉन्चेर्टो छापला गेला १८५१ मध्ये, पॅगनिनी गेल्यावर अकरा वर्षांनी. हयातीत तो आपले कॉन्चेर्टो छापू देत नसे. वाद्यवृंदाचे कागद तालमीला स्वतः वाटायचा आणि काम झालं की गोळा करायचा. पुढे एकल वाद्यही डीमध्ये, साथही डीमध्ये, हीच रीत पडली. वरवर बघता ही सोय. माझ्या मते मात्र या कॉन्चेर्टोवर झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्याला कुणी बदल म्हणतच नाही. साथीच्या तारा आता एकल वाद्याइतक्याच मोकळ्या गुंजतात. तो तोल परत आणायचा असेल तर एकल व्हायोलिन वाजत असताना साथीतले व्हायोलिनवादक कमी करावे लागतात, दोन-तीन जोड्यांपुरते, आणि कागदावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं 'हळू वाजवा' सांगून ते होत नाही.

ई फ्लॅटचे कागद स्वतः डीमध्ये उतरवणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. सगळं अर्धा स्वर खाली आणलं की ई फ्लॅटमधला तळाचा जी एफ शार्प होतो. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार जी, तिच्याखाली स्वरच नाही. तिथे तो सूर एक सप्तक वर न्यावा लागतो किंवा व्हायोलाला (व्हायोलिनहून मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्याला) द्यावा लागतो. आणि जी हा ई फ्लॅटचा गंधार, म्हणजे अशा जागा भरपूर. संगणकावर स्वरलिपी उतरवली तर काही वेळा असा सूर लाल रंगात दिसतो, काही वेळा नाही. पहिल्या तालमीत शेवटच्या बाकावरचा वादक हात वर करतो तेव्हा कळतं.

आता व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर. त्याच्या आधी ऑगस्ट विल्हेल्मी या व्हायोलिनवादकानं या कॉन्चेर्टोचा फक्त पहिला भाग घेऊन, त्याला कात्री लावून, साथ नव्यानं लिहून तो स्वतंत्र तुकडा म्हणून रूढ केला होता. क्राइसलरही त्याच वाटेनं गेला, पण जास्त धीटपणे. त्याचं रूप एकाच भागाचं आहे. १९३६ मध्ये त्यानं ते संचालक यूजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रित केलं. मंद दुसरा भाग गेला, शेवटचा रोंडोही (मुख्य धून फिरून फिरून येणारा भाग) गेला. रोंडोबरोबर उड्या मारणारा गज गेला आणि दुहेरी हार्मोनिक्सही (तारेवर बोट नुसतं टेकवून काढलेले उंच सूर, दोन तारांवर एकदम) गेले. हे लहान नुकसान नाही.

मिळालं काय, तर हार्मनी, म्हणजे सुरावटीखालची एकत्र वाजणाऱ्या सुरांची जोड. पॅगनिनीच्या साथीत एकच कॉर्ड (एकदम वाजणारा सुरांचा गट) दोन-दोन बार (ठोक्यांचे ठरावीक गट) टिकतो: षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज. ते गरिबीचं लक्षण नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कॉर्ड लांब टिकतो म्हणून वरच्या वादकाला श्वास घेता येतो. तो एखादा सूर लांबवू शकतो, पुढचे चार घाईनं उरकू शकतो, खाली कुणाचं काही बिघडत नाही. क्राइसलरनं त्याच सुरावटीखाली शेजारच्या सुरांवर सरकणारे, रंग बदलणारे कॉर्ड घातले. ऐकायला ते फार सुंदर लागतात. पण प्रत्येक ठोक्याला कॉर्ड बदलायचा असेल तर चाळीस-पन्नास माणसांना वादकाच्या गजाबरोबर हलावं लागतं. म्हणून क्राइसलरचं रूप बसवताना तालमीचा वेळ साथीला जास्त द्यावा. वादकानं आपल्या लांबवण्याच्या जागा आधी ठरवून संचालकाच्या प्रतीत पेन्सिलनं लिहून द्याव्यात. मूळ रूपात जे मंचावर सुचलं तरी चालतं, ते इथे चालत नाही.

रशियन रचनाकार चायकोव्स्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची गोष्ट थोडक्यात. १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्लारां इथे तो लिहिला गेला आणि आधी व्हायोलिनवादक लेओपोल्ड आउअरला अर्पण होता. आउअरनं तेव्हा तो वाजवला नाही. त्यातल्या काही जागा व्हायोलिनच्या स्वभावाला धरून नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. पहिला प्रयोग व्हिएन्नात १८८१ मध्ये अडोल्फ ब्रॉडस्कीनं केला. पुढे आउअरनं स्वतःची प्रत तयार केली: पहिल्या भागातले काही तुकडे नव्यानं लिहिले, शेवटच्या भागातल्या पुनरावृत्ती कापल्या. त्याच्या शिष्यांमुळे, विशेषतः यशा हायफेट्झमुळे, ती कित्येक वर्षं ऐकली गेली. तुकडे बदलणं मला पटतं. कापलेल्या पुनरावृत्ती पटत नाहीत. त्या नाचऱ्या शेवटच्या भागात तीच ओळ पुन्हा पुन्हा आदळते म्हणूनच जोर चढतो. दोनदा कमी आदळली की शेवटची धाव उधारीची वाटते.

आता ज्याला स्वतःचं रूप बेतायचं आहे त्याच्यासाठी. बहुतेक जण सुरुवात एकल वाद्याच्या अवघड जागांपासून करतात आणि तिथेच फसतात. पहिल्यांदा सूर ठरवा, मग कात्री, मग कॅडेन्झा (वाद्यवृंद थांबल्यावर वादकानं एकट्यानं वाजवायचा भाग), आणि अवघड जागा सगळ्यात शेवटी. सूर बदलला की बोटं बदलतात, मोकळ्या तारा बदलतात, आधी घासलेलं वाया जातं.

कात्रीचा हिशोब मिनिटांत करा. चार ठोक्यांचे ६० बार, मिनिटाला १२० ठोके, म्हणजे बरोबर दोन मिनिटं. एवढ्यासाठी चांगला जोड सापडत नसेल तर कापू नका. चांगला जोड म्हणजे दोन्ही टोकांना कॉर्ड तोच, बारमधली जागा तीच, आणि मधल्या आवाजांतला एखादा तरी सूर न हलणारा. सुरावट जुळली पण बासनं मोठी उडी मारली तर ऐकणाऱ्याला टाका दिसतो. टिंपनी (सुरात लावायचे मोठे नगारे) कोणत्या सुरांना लावल्या आहेत ते बघा. कापलेल्या भागात वादकाला सूर बदलायला जागा होती आणि ती तुम्ही उडवली असेल तर पुढचा ठोका चुकीच्या सुरावर पडणार. कागदावर कापल्या जागी सुरुवातीला 'वि' आणि शेवटाला 'दे' लिहायची जुनी रीत आहे, ती पाळा. पण विश्रांतीचे बार मोजत बसलेल्या फुंकवाद्यांसाठी ती पुरेशी नाही. त्यांच्या कागदावर विश्रांतीचा नवा आकडा मोठा लिहून चिकटवा. ट्रॉम्बोनवाला ७२ बार मोजत असेल आणि तुम्ही ३० कापले असतील, तर तो अगदी बरोबर मोजून चुकीच्या जागी वाजवेल.

कॅडेन्झाचं आत जाणं कधी बिघडत नाही, बाहेर येणं बिघडतं. व्हायोलिनवादक एमिल सोरेची कॅडेन्झा पॅगनिनीच्या या कॉन्चेर्टोत आजही सगळ्यात जास्त वाजते आणि ती लांब आहे. संचालक शेवटच्या लांब ट्रिलची (दोन शेजारचे सूर भरभर आळीपाळीनं वाजवण्याची) वाट बघत असतो. तुम्ही मधेच दुसरी एक ट्रिल घातली असेल तर अर्धा वाद्यवृंद तिथेच शिरतो. कॅडेन्झाचे शेवटचे दोन-तीन बार संचालकाच्या प्रतीत आणि पहिल्या बाकाच्या कागदांत छोट्या अक्षरात उतरवून द्या.

'कुठल्या रूपापासून शिकायला सुरुवात करावी?' अशी एक चिठ्ठी आली आहे. तिन्ही भागांच्या पूर्ण रूपापासून, डी मेजरमध्ये, तारा न चढवता. रोंडो टाळू नका. त्यातले दुहेरी हार्मोनिक्स आधी एकेक तारेवर वेगळे बसवा: पहिलं बोट पक्कं दाबलेलं, चौथं फक्त टेकलेलं, गज घोडीच्या जवळ आणि वेगात. चार सुरांच्या अंतरावर टेकलं तर दाबलेल्या सुराच्या दोन सप्तकं वरचा सूर येतो, पाच सुरांवर टेकलं तर एक सप्तक आणि पंचम. इथे दाबलेलं बोट केसभर सरकलं तर बेसूर होत नाही, आवाजच येत नाही, नुसती शिट्टी किंवा खरखर. दोन्ही तारा एकत्र घेतल्यावर अशी खरखर आली तर चूक सहसा खालच्या तारेवरच्या पहिल्या बोटाची असते. आधी ते तपासा, गजाला दोष नंतर द्या.