जादा वेळ मिळाला, पुस्तकाचं काय?

(दृश्य : मराठीचा तास. मुलं पाळीपाळीनं प्रकट वाचन करताहेत.)

एकेक जण उभा राहतो, परिच्छेद वाचतो, बसतो. वर्गात एखादं मूल असं असतं, ज्याला आपली पाळी येण्याआधीच घाम फुटतो. धडा त्याला समजलेला असतो. बाईंनी शिकवताना विचारलं, तेव्हा कदाचित सगळ्यात आधी हात त्याचाच वर गेला असेल. अडतं ते छापील ओळीपाशी.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता. तिचा बुद्धीशी संबंध नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी चटकन जुळत नाही. त्यात देवनागरीची वळणं. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी येते, उच्चारायची मात्र नंतर. 'प्रार्थना'त 'र' दोनदा येतो, एकदा अक्षराच्या पायाशी, एकदा डोक्यावर. आपली नजर हे सगळं सहज ओलांडते. या मुलाला मात्र शब्दाशब्दापाशी थांबून तो सोडवावा लागतो. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असते.

महाराष्ट्रानं या मुलांची दखल लवकर घेतली. १९९६ पासून त्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक. त्यासाठी झटलेल्या पालकांचे, शिक्षकांचे आणि डॉक्टरांचे उपकार मानावेत तितके थोडे. पण ही सवलत परीक्षेच्या वर्गातली. जूनपासून परीक्षेपर्यंत मुलाच्या हातात पुस्तक तेच, जे त्याला वाचता येत नाही.

मग त्याला वाचता येईल असं पुस्तक कसं असतं?

(दृश्य : मोबाइलचा पडदा, अगदी जवळून.)

धडा उघडलाय. आवाज वाक्य वाचतोय, आणि जो शब्द कानावर पडतोय तोच पडद्यावर पिवळा होतोय. डोळा आणि कान एकाच शब्दावर. अक्षर मोठं करता येतं, ओळींमधलं अंतर वाढवता येतं, वाचनाचा वेग कमी करता येतो. धड्यावरून थेट स्वाध्यायावर जाता येतं. पान क्रमांक छापील पुस्तकातलेच, त्यामुळे बाईंनी "पान ४२ काढा" म्हटलं की हे मूलही तिथंच पोचतं. चित्रांचं, आकृत्यांचं वर्णन शब्दांत असतं, म्हणून हेच पुस्तक अंध मुलांनाही चालतं. डेझी आणि ईपब या डिजिटल स्वरूपांत अशी पुस्तकं तयार होतात.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ही मोठी सोय आहेच. पण नुसती पीडीएफ असून भागत नाही. मराठी छपाईत वर्षानुवर्षं युनिकोड (अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच ओळख देणारी पद्धत) नसलेले फॉन्ट वापरले गेले. अशा फाइलमध्ये पडद्यावर 'शाळा' दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तीच वाचतं, आणि ऐकू येतो निव्वळ गोंधळ. मग कुणीतरी सगळा मजकूर पुन्हा टाइप करायचा, किंवा स्कॅन करून ओळ न् ओळ तपासायची. स्वयंसेवक हे काम मनापासून करतात. पण तोवर मुलाचं वर्ष थांबत नाही.

कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला वाट मोकळी झाली. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला; डिस्लेक्सिया त्यातलीच. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

(दृश्य : संगणकावर पुस्तकाची मांडणी चालू आहे.)

खरं काम आहे ते इथं, मांडणीच्या टेबलावर. मजकूर युनिकोडमध्ये बसवला, शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण केली, चित्राचं दोन ओळींत वर्णन लिहिलं, की छापील, बोलकं आणि ब्रेल अशा तिन्ही पुस्तकांचं मूळ एकाच मजकुरात तयार होतं. दुरुस्ती एकदाच करायची.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं मोफत मिळतात, शाळा सुरू होताना. बोलकं पुस्तकही त्याच दिवशी मिळायला हवं. पाठ्यपुस्तकांचे हक्क बालभारतीकडेच आहेत, त्यामुळे त्यासाठी अक्षमतेचा दाखला मागायचंही कारण नाही. तपासणी, अहवाल, दाखला यांत महिने जातात, आणि गावातल्या कित्येक मुलांची तपासणी होतच नाही. ज्या मुलाला ऐकत ऐकत वाचायचंय, त्यानं ते सरळ उघडावं.