न गेलेल्या गावाची सफर

नमस्कार श्रोतेहो.

ॲमस्टरडॅमला कालव्याकाठी एक जुनं घर आहे. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी नाझींपासून या घराच्या मागच्या भागात लपून राहिली. एकूण आठ माणसं, आणि दारापुढे बिजागरीवर उघडणारं पुस्तकांचं कपाट. आज हे संग्रहालय आहे. तिकीट फक्त ऑनलाइन, तेही बघता बघता संपतं. जिने तर इतके उभे, की गुडघेदुखीवाल्याने खालूनच परत फिरावं. व्हीलचेअरचा प्रश्नच नाही.

२०१८ साली या खोल्यांची आभासी सफर आली. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आत हिंडायचं. गंमत पुढेच आहे. प्रत्यक्षातल्या खोल्या रिकाम्या आहेत. धरपकडीनंतर सामान नेलं गेलं, आणि आठांपैकी एकटे वाचलेले ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांनी त्या तशाच ठेवायला सांगितल्या. हेडसेटमध्ये मात्र त्या काळचं सगळं सामानसुमान जागच्या जागी दिसतं. म्हणजे तिथे जाऊन आलेल्यालाही जे दिसत नाही, ते घरबसल्या दिसतं!

पैसे वाचतात म्हणून लोक आभासी पर्यटनाकडे वळतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते फारसं पटत नाही. ज्याला जायचंच आहे, तो उसनवारी करूनही जातो. ओढ असते ती एरवी न मिळणाऱ्या गोष्टीची. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा घ्या. माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली, म्हणून १९६३ मध्ये ती बंद झाली. खिशात कितीही पैसे असोत, दार बंदच. आपल्या अजिंठ्यातही चित्रांच्या लेण्यांत उजेड मंद, आणि डोळे सरावतात न सरावतात तोच मागचे म्हणतात, “चला, पुढे सरका.” पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या निवांत बघायच्या कधी?

शिवाय लांबून दर्शन घेणं आपल्याला नवं थोडंच आहे? पंढरीत पदस्पर्शाची रांग झेपत नाही तो मुखदर्शन घेतो, तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडतो.

काही जण तर जाण्याआधी चाचपणी म्हणून बघतात. चढ किती, आईला झेपेल का?

बघणार असाल तर खुर्चीत बसून बघा. डोळे म्हणतात चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते बसलोय, आणि मग गरगरतं. चष्मेवाल्यांनी हेडसेटमध्ये चष्मा मावतो का, तेही आधी बघून घ्यावं.