कशाचं तेल?

(दृश्य: निफाड, डिसेंबरातली सकाळ. ओट्यावर तेलाचं पाकीट, आतून धुरकट.)

निफाडची थंडी द्राक्षबागायतदारांची झोप उडवते. त्याच थंडीत स्वयंपाकघरातलं तेलही रूप बदलतं. रात्री काचेसारखं नितळ असलेलं पाकीट सकाळी गढूळ होतं, तळाशी पांढरी कणी बसते. आमची आई ते अंगणात उन्हाला नेऊन ठेवायची. 'तेल गोठलंय,' एवढंच म्हणायची. खोबरेल गोठतं, तूप गोठतं. पण फोडणीचं तेल का गोठावं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात उत्तर छापलेलं असतं: रिफाइंड पामोलीन.

(दृश्य: फळांचा लाल-काळा घड कापला जातो, धप्पकन खाली पडतो.)

पामोलीन निघतं ते तेलताडाच्या, म्हणजे पामच्या फळातून. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. 1848 साली त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली, आणि तिथून त्याचा आग्नेय आशियातला प्रवास सुरू झाला. मलेशियात झाडं जोमानं वाढायची, पण फळ नीट धरायचं नाही, म्हणून मजूर लावून हातानं परागीकरण करावं लागे. 1981 साली कॅमेरूनहून एक इवलासा सोंडकिडा आणून बागांत सोडला, आणि ते काम त्यानं अंगावर घेतलं. आज जगातलं 80 टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं, आणि ते सर्वांत जास्त विकत घेणारा देश आपला आहे.

घड वीस-पंचवीस किलोचा. उतरवला की दिवसभरात गिरणीत पोचवावा लागतो, नाहीतर आतलं तेल आंबट व्हायला लागतं. गरातून निघणारं तेल लालभडक असतं, गाजराला रंग देणारं कॅरोटीन त्यातही असतं. शुद्धीकरणात तो रंग जातो, वास जातो. मग तेल हळूहळू थंड करतात. घट्ट होणारा भाग वेगळा काढतात, तो वनस्पती तुपाला, बेकरीला, साबणाला जातो. पातळ राहतो तो पामोलीन. निफाडच्या थंडीत पाकिटात दिसते ती कणी म्हणजे या पातळ भागातही उरलेली घट्ट चरबी.

(दृश्य: बेकरी. ट्रेमध्ये खारी.)

हे तेल आपल्या घरात शिरलं ते स्वस्त म्हणून. आधी रेशनवर आलं. 1994 साली पामोलीनची आयात खुली झाली, आणि मग फरसाण, बिस्किटं, खारी, टोस्ट, वेफर्स, सगळीकडे तेच. त्याला अंगची चव नाही, तळणीत ते लवकर बिघडत नाही. शिवाय 2022 च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल हायड्रोजननं घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, 2 टक्क्यांची मर्यादा आली. हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या वनस्पती तुपाची जागा घ्यायला जातीचंच घट्टसर असलेलं पामतेल सोयीचं ठरलं. ट्रान्स फॅट गेलं ही हृदयासाठी खरोखर चांगली गोष्ट झाली, ते आधी सांगायलाच हवं.

मग पामतेल वाईट का? त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. शेंगदाणा तेलात ती पाचवा हिस्सा, करडईत दहावा हिस्साही नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं ते या संपृक्त चरबीनं. खोबरेलात ती याहून कितीतरी जास्त असते, तरी कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खोबरं खात आली, असं कुणी म्हणेल. पण कोकणातली बाई नारळ फोडते तेव्हा तिला ठाऊक असतं की आपण नारळ खातोय. संध्याकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं खाणाऱ्या मुलाला आपण पामतेल खातोय हे ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, संपृक्त चरबी दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांखाली ठेवा. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला म्हणजे साधारण 22 ग्रॅम. फोडणीचं तेल मोजता येतं. पुड्यातलं कोण मोजणार?

(दृश्य: कालिमंतान, बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग. सरळ रेषेत खणलेला कालवा, तपकिरी पाणी.)

बोर्निओच्या आणि सुमात्राच्या दलदलीत शेकडो-हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साचून राहिला आहे. काही ठिकाणी हा थर घराच्या उंचीहून खोल आहे. पाणी आहे तोवर तो कोळशाच्या कोठारासारखा निपचित. लागवडीसाठी कालवे खणून पाणी काढून टाकलं की तो वाळतो, आणि वाळला की पेटतो. वरची आग विझते, जमिनीखाली धुमसत राहते.

2015 साल एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागर तापून इकडचा पाऊस आटवणारं. त्या वर्षी इंडोनेशियात 26 लाख हेक्टर जमीन जळाली. सगळीच काही पामसाठी पेटवलेली नव्हती, पण वाळवलेल्या दलदलीनं आग आवरेनाशी झाली. धूर सिंगापूरपर्यंत गेला, शाळा बंद पडल्या. ओरांगउटान वानरांची जंगलं गेली. त्याच वर्षी मराठवाड्यातही पावसानं पाठ फिरवली होती. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

(दृश्य: लातूर-सोलापूर पट्टा, रब्बी. ज्वारीच्या कडेनं करडई, पिवळी-केशरी.)

याच लातूरकडे, याच सोलापूरकडे, काळ्या जमिनीतल्या नुसत्या ओलीवर येणारं तेल होतं: करडई. ज्वारीच्या बांधाला काटेरी करडईच्या ओळी लावल्या की गुरं आत शिरत नसत, तेच कुंपण आणि तेच तेल. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, पेंड बैलांना. काढणीला हाताला फडकी गुंडाळावी लागत, तरी बोटं सोलवटायची. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडईसुद्धा काढली. पण भाव मिळेना, आणि रानं हरभऱ्याकडे, सोयाबीनकडे वळली.

पाम सोडून द्या, एवढं म्हणून भागत नाही. एक हेक्टर तेलताड तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. सगळ्या जगानं पाम सोडला तर दुसरीकडे जास्त जमीन नांगरावी लागेल. इंडोनेशियानं 2022 च्या एप्रिलात निर्यात थांबवली तेव्हा आपल्याकडे तेलबाजार हादरला, इतके आपण त्याच्यावर टेकलेले आहोत.

पण त्याच वर्षीची दिवाळी मला विसरता येत नाही. राज्यानं रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, साखर, हरभरा डाळ, आणि एक लिटर पामतेल, दीड कोटीहून अधिक कुटुंबांसाठी. गरिबाच्या दिवाळीला तेल मिळालं याचा आनंदच आहे. मात्र एवढी मोठी मागणी आपल्याच राज्याच्या हातात असताना, त्यातली थोडी तरी करडईकडे वळवता आली असती. घाण्याचं करडई तेल पामतेलाच्या दुपटीहून महाग पडतं. रेशनच्या रांगेतली बाई ते स्वतःच्या खिशातून घेऊ शकत नाही, सरकार घेऊ शकतं.

(दृश्य: लाकडी घाणा. तेलाची बारीक धार, खाली भांडं.)

घाण्यावर आलेल्या एका आजींनी धारेखाली बोट धरलं, चाटून पाहिलं. विकणाऱ्यानं काही सांगायच्या आधीच म्हणाल्या, "करडई आहे, यंदाची."