गिलाव्यातली कारंजी : लिबर्टी चित्रगृह

मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटलच्या परिसरात आलात, की इमारतींच्या दाटीतून वर निघालेला हा उभा सुळका आधी दिसतो आणि मग त्यावरची ‘लिबर्टी’ ही अक्षरे. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, मार्च १९४९ मध्ये, मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने या चित्रगृहाचा आरंभ झाला. मालक हबीब हुसेन यांनी नावही त्या स्वातंत्र्यावरूनच ठेवले. रीगल, इरॉस, मेट्रो ही देखणी चित्रगृहे दक्षिण मुंबईत आधीपासून होती. पण तिथला मान प्रामुख्याने इंग्रजी चित्रपटांचा. हिंदी चित्रपटाला त्याच तोलामोलाचे घर मिळाले ते इथे.

आराखडा रिडली अ‍ॅबट यांचा. काम पुरे होण्याआधीच विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि जे. बी. फर्नांडिस यांनी बांधकाम तडीस नेले. अंतर्गत सजावट मात्र वामन नामजोशी यांची, आणि लिबर्टीची खरी ओळख त्यांच्याच हातची आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणू. भिंतींवरच्या तक्तपोशीसाठी ब्रह्मदेशी साग आणि कॅनडाचा सीडार वापरला. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्याने उसळून तिथेच थिजलेली ही कारंजी गिलाव्याची आहेत. त्यांच्यामागे दिवे अशा बेताने दडवले आहेत, की दिवा कुठे दिसत नाही आणि कडांमधून नुसता उजेड झिरपत राहतो. पुढे जयपूरचे राजमंदिर घडवणारे नामजोशी हेच.

आता प्रोजेक्टरच्या खोलीत येऊ. सुमारे १२०० प्रेक्षकांच्या डोक्यावरून पडद्यापर्यंत पोहोचणारा झोत त्या काळी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेल्या विजेच्या ज्योतीतून निघे. कांड्या जळून आखूड होत, तसतसे ऑपरेटरला त्यांच्यातले अंतर सांभाळावे लागे. दुर्लक्ष झाले, की पडद्यावरचे चित्र पिवळे पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. हजार फुटांचे रीळ दहा-अकरा मिनिटांत संपे. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका चमकला, की पुढचे रीळ लावलेले शेजारचे दुसरे यंत्र सुरू करायचे, दुसरा ठिपका दिसला, की झोत तिकडे वळवायचा. आणि हा सांधा प्रेक्षकाला कळता कामा नये, यातच ऑपरेटरची कसोटी असे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये, दिवाळीत, ‘मदर इंडिया’ इथे लागला आणि वर्षभराहून अधिक काळ चालला. १९९४ मध्ये लागलेल्या ‘हम आपके हैं कौन’ने तर शंभर आठवडे ओलांडले, घरोघरी व्हिडिओ आणि केबल पोहोचल्यानंतरची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

त्यानंतर मल्टिप्लेक्स आले, त्यांना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात सवलत मिळाली, आणि एकाच पडद्यासमोरच्या १२०० खुर्च्या दिवसातून चार वेळा भरणे अवघड होऊन अखेर नियमित खेळ बंद झाले. महोत्सव, मैफली आणि चित्रीकरण यांच्यापुरती दारे उघडू लागली.

आज आमच्या कॅमेऱ्यासाठी सभागृहातले दिवे मालवले आहेत. बाल्कनीतून पाहताना खालच्या खुर्च्यांच्या रांगा अंधारात बुडालेल्या दिसतात आणि समोर, गिलाव्याच्या मागून, कारंजी एकेक टप्पा उजळत आहेत.